गोदी: पाणी राखणारी आणि पाणी घालवणारी

विचारणा अशी आहे: विजयदुर्गाजवळ गिर्ये इथे मराठ्यांच्या आरमाराची 'गोदी' आहे, गुजरातेत लोथललाही हडप्पाकालीन 'गोदी' आहे म्हणतात. मग दोन्ही एकाच जातीच्या का? सरळ 'बंदर' का म्हणू नये? आणि गोदी नि गोदाम ही भावंडं का?

बंदराचा निकाल आधी लावू. जहाज लागतं ते बंदर. मग तिथे बांधकाम असो वा नुसता खाडीचा आडोसा. शब्द फारसीतला, पण आता आपलाच. विजयदुर्गाच्याच, म्हणजे वाघोटनच्या खाडीत बरंच आत खारेपाटण आहे. तिथे सापडलेल्या शिलाहार रट्टराजाच्या 1008 सालच्या ताम्रपटात परदेशाहून येणाऱ्या जहाजांमागे सोन्याचं देणं लावल्याचा उल्लेख आहे. म्हणजे बंदर नांदतं होतं, आणि त्याला गोदीची गरज नव्हती. धक्का म्हणजे माल-माणसं उतरायचा बांधीव काठ, भाऊच्या धक्क्यासारखा. गोदी मात्र खोदलेली किंवा बांधलेली, तोंड असलेली जागा. त्या तोंडातून भरतीचं पाणी किती येईल, कधी जाईल, हे माणसाच्या हातात असतं.

इथेच घोटाळा होतो. पाणी हातात ठेवायचं ते कशासाठी, याची दोन अगदी उलटी उत्तरं आहेत आणि मराठीत दोन्हींना शब्द एकच.

गिर्येची गोदी पाहा. विजयदुर्ग किल्ल्यापासून थोडं आत, खाडीच्या काठाला. काही भाग कातळ फोडून काढलेला, काही दगड रचून बांधलेला. लांबी शंभर मीटरच्या वर. आंग्र्यांचं आणि पुढे धुळपांचं आरमार विजयदुर्गात असे, त्याची जहाजं इथे दुरुस्त होत. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने या परिसराची पाहणी केलेली आहे. लाकडी जहाजाचं खरं दुखणं पाण्याखाली असतं. तळाला कालवं चिकटतात, शेवाळ धरतं, लाकूड पोखरणारे किडे फळ्यांची चाळण करतात. ते खरवडायचं, फटी बुजवायच्या, तर तळ उघडा पडायला हवा. म्हणून उधाणाच्या भरतीला जहाज आत घ्यायचं, ओहोटीबरोबर पाणी उतरू द्यायचं आणि पुढच्या भरतीला तोंडाशीच अडवायचं. या किनाऱ्यावर उधाणाला पाणी अडीचेक मीटर चढतं-उतरतं, तेवढं या कामाला पुरतं. भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती कमी चढते तेव्हा, मोठं जहाज आत घ्यायचं म्हटलं तर पंचाईत. ही झाली सुकी गोदी: पाणी घालवणारी.

आता खंभातच्या आखाताकडे या. तिथे भरती-ओहोटीचा फरक दहा मीटरच्या घरात जातो. ओहोटीला उघड्यावरचं जहाज चिखलात कलंडून पडेल. तिथे गरज उलटी: भरतीला आत आलेलं पाणी ओहोटीत निसटू द्यायचं नाही. पुरातत्त्वज्ञ एस. आर. राव यांनी 1955 पासून लोथलला उत्खनन केलं. तिथला भाजक्या विटांचा, सुमारे 215 मीटर लांब नि 36-37 मीटर रुंद हौद त्यांनी असाच वाचला: पाणी यायला एक वाट, जादा पाणी जायला दक्षिणेच्या भिंतीत दुसरी, आणि तिथे लाकडी दार बसवायच्या खाचा. ही ओली गोदी: पाणी राखणारी.

सगळ्यांना हे पटलं असं नाही. 1968 साली लॉरेन्स लेश्निक यांनी हा गोड्या पाण्याचा तलाव असावा असं मांडलं. माझा कल रावांकडे आहे. भिंती सरळ उभ्या, काठाला पायऱ्या नाहीत. असा पाणवठा कोण बांधेल? शिवाय हौदातल्या गाळात खाऱ्या पाण्यातल्या सूक्ष्मजीवांची कवचं मिळाली आहेत.

मुंबईकराला दोन्ही अर्थ न कळत ठाऊक असतात. 1750 च्या सुमारास वाडियांनी उभारलेली बॉम्बे डॉक सुकी. 1880 ची प्रिन्सेस डॉक आणि 14 एप्रिल 1944 चा स्फोट झाला ती व्हिक्टोरिया डॉक ओल्या होत्या. 'गोदी कामगार' म्हटलं की ओल्या गोदीत माल चढवणारा-उतरवणारा डोळ्यांपुढे येतो. 'माझगाव गोदी' म्हटलं की जहाजबांधणीचा कारखाना, हा आणखी तिसरा अर्थ. ससून डॉकला मात्र 'ससून गोदी' म्हणणारी कोळीण मला अजून भेटलेली नाही.

तेव्हा लिहिताना गिर्येला 'सुकी गोदी' आणि लोथलला 'ओली गोदी' असं विशेषण लावावं. ते नसेल तर वाचणारा लोथलला जहाजांची डागडुजी चालली होती असं समजून बसतो. शाळकरी निबंधांत तसं वाचलंही आहे.

राहिलं गोदाम. ते गोदीच्या कुळातलं नाही. मलयमध्ये कोठाराला 'गुदांग' म्हणतात, त्याचे सोयरे तेलुगू-तमिळमध्ये आहेत, आणि व्यापाऱ्यांबरोबर तो शब्द सगळ्या बंदरांत फिरला. लोथलला या दोन्ही गोष्टी शेजारी आहेत एवढंच. हौदालगत कच्च्या विटांचे चौथरे आहेत आणि तिथे मालाच्या गाठोड्यांवर थापलेले मातीचे ठसे मिळाले: पुढे मुद्रेची छाप, मागे दोरीचे आणि चटईचे वळ.