स्वभावाचा रकाना खोडून टाक

चि. ... यास,
अनेक आशीर्वाद.

कॉलेजच्या प्रदर्शनासाठी केलेला तुझा तक्ता पाहिला. मेक्सिकोपुढे ‘टॉर्टिया, मौजमजेचे’, इटलीपुढे ‘पास्ता, रसिक’, महाराष्ट्रापुढे ‘भाकरी, रांगडे’. तिसऱ्या रकान्याबद्दल तुझंच मन खात आहे, म्हणून विचारलंस. खोडून टाक तो. त्या जागी लिही: पीठ, पाणी, आच.

भाकरीपासून सुरू कर. ज्वारीत ग्लुटेन, म्हणजे गव्हाची कणीक धरून ठेवणारं चिवट प्रथिन, नसतं, त्यामुळे गार पाण्यात मळलेला गोळा थापताना फुटतो. वाटीभर पिठाला साधारण पाऊण वाटी आधणाचं पाणी घातलं की त्यातला स्टार्च फुगून चिकटपणा येतो. मग तळहाताने रगडून मळायचं. पीठ जुनं असेल तर विरी, म्हणजे चिकटपणा, गेलेली असते, कितीही मळलं तरी कडा चिरतात. म्हणून दळण थोडंच आणायचं. इतक्या नाजूक हातकामात तुला रांगडेपणा कुठे दिसला?

मक्यातही ग्लुटेन नाही. तिथे मेक्सिकोच्या लोकांनी टॉर्टियासाठी, म्हणजे त्यांच्या पातळ भाकरीसाठी, चुना वापरला. अर्धा किलो वाळका मका (स्वीट कॉर्न चालत नाही, मस्जिद बंदरला भुसार दुकानात विचार), दीड लिटर पाणी आणि पाच ग्रॅम खाण्याचा चुना. पाऊण तास मंद उकळायचा, रात्रभर त्याच पाण्यात ठेवायचा, सकाळी चोळून साल काढायची, धुवायचा, वाटायचा. चुना जास्त झाला तर साबणासारखी चव येते, कमी पडला तर साल सुटत नाही. या चुन्यामुळेच पीठ धरून राहतं आणि मक्यात अडकून पडलेलं नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळतं. शिवाय उत्तर मेक्सिकोत, सोनोरासारख्या भागात, टॉर्टिया गव्हाचीच. मग ‘मेक्सिको’पुढे कुठली लिहिशील?

इटलीचंही तेच. उत्तरेकडे तांदूळ, लोणी आणि पोलेंटा, म्हणजे मक्याच्या भरड पिठाची घट्ट लापशी. दक्षिणेकडे ड्युरम या कडक गव्हाचा सुका पास्ता आणि ऑलिव्हचं तेल. दक्षिणेकडचे लोक उत्तरेकडच्यांना पोलेंटाखाऊ म्हणून हिणवतात. अमेरिकेतून मका युरोपात आला, चुन्याची रीत आली नाही. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात उत्तर इटलीच्या व्हेनेतो-लोंबार्दीतले गरीब शेतकरी जवळजवळ पोलेंट्यावरच जगत होते, त्यांना पेलाग्रा हा रोग झाला: उन्हात कातडी काळवंडून सोलायची, जुलाब लागायचे, बुद्धी भ्रमायची. हे नायसिन कमी पडल्याने होतं, हा उलगडा झाला 1937 साली. दख्खनमध्ये ज्वारीवरच दिवस काढणाऱ्या गरिबांतही हा रोग आढळला आहे. आता सांग, ज्याच्या ताटात दुसरं काहीच नव्हतं, त्याच्या अशा अवस्थेला तू स्वभाव म्हणणार?

म्हणून पुन्हा सांगतो: पीठ, पाणी, आच. मला लोक हेकट म्हणतात, म्हणोत. याच मुंबईत भाकरी खाणाऱ्याला ‘घाटी’ म्हणून हिणवलं गेलं आणि आता तीच ज्वारी हॉटेलात ‘मिलेट’ म्हणून चढ्या भावाने विकतात. धान्य तेच आहे, खाणारा बदलला. हे डोळ्यांपुढे घडत असताना मी गप्प बसायचं कारण नाही, आणि तुझ्यासारख्या हुशार मुलाने तयार शिक्के उचलावेत याचा मला खरंच राग येतो. राग येतो, कारण तुझा हात चांगला आहे.

तिखटाचीही ओळ काढ. मिरची अमेरिकेची, पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आली. ‘भारतीय म्हणजे तिखट’ हे लिहिण्याआधी तेवढं लक्षात घे.

टेबलावर तिन्ही ठेव: भाकरी, टॉर्टिया, पोलेंटा. पोलेंट्याला एक भाग भरड पिठाला चार भाग पाणी, पाऊण तास सतत ढवळणं; पीठ उकळत्या पाण्यात एकदम ओतलंस तर गुठळ्या होतील, चिमटीने सोड. प्रत्येकापुढे पाण्याचं प्रमाण आणि वेळ लिही. शेजारी चुन्यातला मका आणि साधा उकडलेला मका दोन वाट्यांत ठेव, लोकांना चोळून बघू दे. मका आदल्या रात्रीच उकळून ठेवायला लागेल, ते विसरू नकोस.

तुझा,
सर