304 स्टेनलेस कापताना आधी ठसे घेऊन बघ

लेथवर इन्सर्ट (टूलच्या टोकाची बदलता येणारी धार) लवकर झिजून जातोय म्हणून स्पीड बदलत बसू नकोस. टर्न झालेल्या जॉबचा आडवा तुकडा काप, कडक रेझिनमध्ये माउंट कर आणि मायक्रो-विकर्सवर (हिऱ्याच्या टोकाने बारीक ठसा उमटवून कडकपणा मोजणारं यंत्र) 25 ग्रॅम लोडने कडेकडून आत ठसे घेत जा. 200 एचव्हीला (विकर्स कडकपणाचा आकडा) चौकोनी ठशाचा कर्ण सुमारे 15 मायक्रॉन येतो, 350 ला साधारण साडेअकरा. कडेजवळचे ठसे लहान दिसले की समज, मागच्या पासनेच ती कातडी कडक करून ठेवली आहे. कटची खोली किंवा फीड (एका फेऱ्यात टूल जेवढं पुढे सरकतं ते) त्या थरापेक्षा कमी ठेवलास तर धार त्या कडक कातडीतच अडकते, कापण्याऐवजी घासत राहते आणि थर आणखी कडक होतो. स्पीडला हात न लावता आधी फीड थोडा वाढव.

ठसे घेण्याआधी नमुन्याच्या पॉलिशिंगला मात्र वेळ दे रे! दाबून घासलंस तर त्यानेच पृष्ठभाग कडक होतो आणि आकडे फसवतात. माझे पहिले कितीतरी नमुने असेच वाया गेले. शेवटचा हात कोलॉइडल सिलिकाने (अतिबारीक सिलिका कणांचं पॉलिशिंगचं द्रव), अगदी हलका. दोन ठशांच्या केंद्रांमध्ये किमान तीन कर्ण अंतर हवं, कडेपासून अडीच. एका रेषेत जागा पुरत नसेल तर नागमोडी घे.