उसना ड्राफ्टर नेमका कोणाकडे आहे?

प्रश्न : आम्ही तिघे अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात शिकत असून, वसतिगृहातील विद्यार्थ्यांना ड्राफ्टर (ड्रॉइंग शीटवर अचूक रेघा मारण्याचे पट्ट्यांचे उपकरण), एप्रन, कॅल्क्युलेटर अशा वस्तू एकमेकांना उसन्या देता याव्यात यासाठी वेब ॲप तयार करीत आहोत. चाचणीच्या वेळी एकच ड्राफ्टर एकाच दिवसासाठी दोघांना मंजूर झाला आणि दुसरी एक वस्तू परत मिळाली की नाही यावरून वादही झाला. आमचे काय चुकले?
— एक विद्यार्थी, सांगली

उत्तर : तुमचा प्रोग्रॅम आधी वस्तू मोकळी आहे का हे पाहतो आणि मग नोंद करतो, असे दिसते. या दोन कामांच्या मधल्या क्षणात दुसऱ्याची विनंती आली, तर तिलाही वस्तू मोकळीच दिसते. ही तपासणी प्रोग्रॅममध्ये कितीही काटेकोर लिहिली तरी ती फट बुजत नाही. म्हणून हे काम डेटाबेसकडेच सोपवावे. पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये 9.2 या आवृत्तीपासून, म्हणजे 2012 पासून, ‘पासून–पर्यंत’ असा कालावधी एकाच रकान्यात साठवता येतो आणि एकाच वस्तूचे दोन कालावधी एकमेकांवर येऊ नयेत, अशी अटही घालता येते. त्यासाठी बीट्री-जिस्ट हे एक्स्टेन्शन (डेटाबेसला जोडायचा पूरक भाग) आधी चालू करावे लागते. कालावधीचा शेवटचा क्षण त्यात धरू नये, म्हणजे सकाळी दहाला परत आलेला ड्राफ्टर दहालाच दुसऱ्याला देता येईल.

वादाचे कारण मात्र वेगळे आहे. ‘मंजूर’ झालेली वस्तू ‘हाती पडली’ असे तुम्ही गृहीत धरले. प्रत्यक्षात मंजुरी रात्री मिळते, ड्राफ्टर दुसऱ्या दिवशी मेसमध्ये दिला जातो आणि कधीकधी तर खोलीतल्या तिसऱ्याच मुलाकडे ठेवला जातो. म्हणून देणे आणि परत येणे यांच्या स्वतंत्र नोंदी ठेवा. वस्तू हाती पडल्यावर घेणाऱ्याच्या पडद्यावरील चार अंकी आकडा देणाऱ्याने भरावा आणि परतीच्या वेळी याच्या उलट करावे. कुरिअरवाल्याला ओटीपी सांगण्याची सवय सर्वांना आहेच. देतानाच ड्राफ्टरचे स्क्रू आणि पट्ट्या दिसतील असे छायाचित्र काढून ठेवावे. घेणाऱ्याने वस्तू स्वतःची असल्याप्रमाणे जपावी, हे 1872 च्या भारतीय करार कायद्याच्या कलम 151 मध्येही आहे. पण पट्टी आधीच वाकलेली होती की नाही, हे कलम सांगू शकत नाही, छायाचित्र सांगते.

कॅल्क्युलेटर मात्र मी तूर्त यादीतून वगळला असता. ड्राफ्टर पहिल्या वर्षानंतर बहुतेकांच्या कपाटावर पडून असतो, त्यामुळे तो वरच्या वर्गाकडून खालच्या वर्गाकडे सहज जातो. कॅल्क्युलेटर परीक्षेच्या त्याच आठवड्यात मालकालाही हवा असतो.