नव्या माणसाला आपल्यापेक्षा जास्त पगार मिळाला, तर तो कायद्याने भेदभाव ठरतो का?

अकरा वर्षं एका कंपनीत काढलीत आणि परवा लागलेल्या मुलाला तुमच्यापेक्षा नऊ हजार जास्त, हा भेदभाव नाही का, असं तुम्ही विचारलंय. आहे. पण कायद्यात बसणारा बहुतेक नाही. समान वेतनाच्या कायद्याला बाई-पुरुष दिसतं, जुना-नवा दिसत नाही. ऐकीव सांगत नाहीये, चपला झिजवून झाल्यात माझ्या.

2012 साल. नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका कंपनीत मी चौदा वर्षं इन्स्पेक्शनला, म्हणजे तयार माल मोजून तपासायला होते. चारेक वर्षांचा अनुभव असलेला एक मुलगा आला. ड्रॉइंग वाचायचा, पण हाइट गेज, म्हणजे उंची मोजायचं साधन, कसं लावायचं ते मी शिकवलं. पोरगा चांगला होता, ताई ताई करायचा. एक दिवस झेरॉक्स मशीनवर त्याचं अपॉइंटमेंट लेटर राहिलेलं सापडलं. सव्वीस हजार. मला सतरा हजार चारशे. त्या दिवशी एक अख्खा लॉट मी न मोजता पास केला, चौदा वर्षांत पहिल्यांदा.

एचआरचे साहेब म्हणाले, "मॅडम, तो मार्केट रेटने आलाय." म्हणजे त्याने आधीच्या पगारावर घसघशीत वाढ मागून घेतली, आणि आमचे सात-आठ टक्के 1998 च्या बेसिकवरून रांगत आलेले. युनियनवाले म्हणाले, करारावर सह्या झाल्यात, आता मुदत संपेपर्यंत गप्प बसायचं.

शेजारच्या वकीलबाईंनी ऑड्रे डिकॉस्टांची केस सांगितली. मुंबईच्या मॅकिनन मॅकेन्झी कंपनीत त्या स्टेनोग्राफर होत्या, पुरुष स्टेनोंपेक्षा पगार कमी. कंपनीने युनियनशी झालेल्या कराराकडे बोट दाखवलं, परवडत नाही असंही सांगितलं. 1987 साली सुप्रीम कोर्टाने दोन्ही सबबी उडवून लावल्या. मला वाटलं, झालं काम! 1976 च्या समान वेतन कायद्याखाली कामगार कार्यालयात अर्ज ठोकला.

अधिकाऱ्यांनी मला एकच प्रश्न विचारला: "बाई, तुम्हाला पगार कमी आहे तो बाई म्हणून, की जुन्या म्हणून?"

कंपनीने तीन जुन्या पुरुष इन्स्पेक्टरांच्या स्लिपा पुढे ठेवल्या. एकालाही एकोणीस हजारांवर नव्हते. म्हणजे बाई म्हणून नाही, सगळ्याच जुन्यांना सारखंच नागवलंय, त्यामुळे तक्रारीत दम नाही! त्या तिघांतले एक काका माझ्याबरोबर डबा खायचे. बाहेर आल्यावर म्हणाले, "माझ्या कमी पगाराने तुझी केस घालवली गं."

खरी वाट दुसरी होती, ती उशिरा कळली. महाराष्ट्राचा 1971 चा अनुचित कामगार प्रथांचा कायदा. गुणवत्ता न बघता कामगारांच्या एका गटाला झुकतं माप देणं ही त्यात अनुचित प्रथा आहे, तिथे बाई-पुरुषाचा प्रश्नच येत नाही. पण तक्रार 90 दिवसांत करायची, नाहीतर उशीर का झाला ते कोर्टाला पटवून द्यायचं. माझे आठ महिने हेलपाट्यांत गेले होते.

मग सातपूरला दुसरीकडे इंटरव्ह्यू दिला, साडेसत्तावीस मिळाले. सकाळी राजीनामा टाकला, तर दुपारी साहेब पंचवीस द्यायला तयार. चौदा वर्षं जे पैसे नव्हते ते चार तासांत सापडले. मी राहिले नाही.

यावर आमचे भावोजी आजही दर दिवाळीला ऐकवतात, "चौदा वर्षांची ज्येष्ठता पाण्यात घातलीस." ते पाटबंधाऱ्यात होते. सरकारात बढतीनंतर कनिष्ठाचा पगार वर गेला, तर काही अटींवर ज्येष्ठाचा वाढवून सारखा करतात. खासगीत असा नियम कुठला? वर म्हणतात, ग्रॅच्युइटी बुडाली. भावोजी, पाच वर्षं भरली की राजीनामा दिला तरी ती बुडत नाही. शेवटचा बेसिक नऊ हजार, गुणिले पंधरा, भागिले सव्वीस, गुणिले चौदा: 72,692 रुपये. खात्यात जमा झाले. पासबुक दाखवलं तर चष्मा सापडत नव्हता त्यांना.

तुमच्यापुरतं सांगायचं तर आधी बाहेरची ऑफर हातात घ्या, मग साहेबांशी बोला. तुम्ही बाई असाल आणि तेच काम करणारे, तुमच्याइतकेच जुने पुरुष जास्त घेत असतील, तर मात्र केस भक्कम आहे, सोडू नका. आणि हो, तो मुलगा खरंच वेगळं, जास्त जबाबदारीचं काम करत असेल, तर माझं वरचं सगळं बाजूला ठेवा. 1976 चा कायदा आता वेतन संहितेत गेलाय, ती 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू आहे, त्यामुळे अर्जात जुनी कलमं घालू नका, वकिलाकडून तपासून घ्या. सुपरवायझर किंवा मॅनेजर असाल तर अनुचित प्रथांच्या कायद्याचं दार बहुतेक बंदच असतं, हेही आधी बघा.