कुंपणाविना रोबो

प्रश्न : आमच्या कारखान्यात माणसांशेजारी काम करणारा रोबो येतोय. त्याला कुंपण लागत नाही, हे खरं का?

उत्तर : अर्धंच खरं. धक्का जाणवताच तो थांबतो. पण पंज्यात धारदार पत्रा असेल तर तेवढ्यात जखम होते. म्हणून तपासणी नुसत्या रोबोची नको. पंजा, वस्तू, वेग धरून सगळ्या कामाची हवी. धडकेचं बल उपकरणाने मोजा. पंजा बदलला की पुन्हा मोजा. रोबोला काम शिकवताना त्याचा वेग सेकंदाला २५० मिलिमीटरच्या आत ठेवा. शिकवणाऱ्याच्या हातातलं तीन टप्प्यांचं बटण मधल्या टप्प्यावरच रोबोला हलू देतं; सोडलं किंवा घाबरून घट्ट आवळलं, तरी तो थांबतो. ते चिकटपट्टीने कधीही बांधू नका! आणि तिथे रोज उभं राहणाऱ्या कामगाराला पहिल्या तपासणीपासून सोबत घ्या. हात कुठे अडकतो, हे त्यालाच ठाऊक असतं.