पिशवीला दोष देण्याआधी दळण बघा: घरच्या बिअरवर वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी जाळीच्या पिशवीत मॅश करायची (धान्य गरम पाण्यात भिजवून त्यातल्या स्टार्चची साखर करायची) पद्धत थोडक्यात सांगितली होती, म्हणजे एकच मोठं पातेलं, त्यात पिशवी, पिशवीत भरडलेला माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य, बहुधा बार्ली), आणि तासाभराने पिशवी वर उचलली की खाली उरतो तो वर्ट, म्हणजे पुढे आंबवून ज्याची बिअर होते ते गोड पाणी. ऑस्ट्रेलियातल्या घरी बिअर बनवणाऱ्या मंडळींनी २००० नंतरच्या दशकात ही पद्धत रुळवली आणि मग ती सगळीकडे पसरली. त्यावर प्रश्न भरपूर आले आणि निम्म्याहून जास्त लोकांचा सूर एकच, की पिशवीमुळे बिअर बिघडली. बघूया.

प्रश्न: ताई, ५ किलो माल्ट घेतला, ६७ डिग्रीला पूर्ण एक तास मॅश केलं, ग्रॅव्हिटी (वर्टमध्ये साखर किती ते सांगणारी घनता) १.०५० यायला हवी होती आणि आली १.०३८. दोनदा असंच झालं. आधी मी नळ लावलेल्या कूलरमध्ये (उष्णता धरून ठेवणाऱ्या जाड डब्यात) मॅश करायचो तेव्हा बरोबर यायची. पिशवीतून साखर नीट बाहेर येत नाही का? माल्ट मी भरडलेलाच विकत घेतो.

उत्तर: तुमच्या शेवटच्या वाक्यात अर्धं उत्तर आहे. भरडून मिळणारा माल्ट बहुतेक वेळा कूलरवाल्यांच्या हिशोबाने भरडलेला असतो, कारण तिथे टरफलांचा थर हीच गाळणी असते, टरफलं चुरडली किंवा पीठ जास्त झालं की थर गच्च बसतो आणि नळातून थेंब पडेना अशी गत होते. म्हणून ते जाडसर भरडतात. पिशवीत गाळायचं काम कापड करतं, त्यामुळे ती भीती जवळजवळ संपते आणि तुम्ही खुशाल बारीक भरडू शकता, आणि खरं सांगायचं तर पिशवीचा सगळ्यात मोठा फायदा हाच आहे, पण लोक पिशवी घेतात आणि भरड जुनीच ठेवतात.

एक मूठ भरड पांढऱ्या कागदावर पसरा. अख्खा दाणा एकही दिसता कामा नये. दाण्याचे दोनच तुकडे झालेले दिसत असतील तर त्या तुकड्यांच्या पोटात पाणी शिरायला वेळ लागतो आणि तासाभरात आतला स्टार्च कोराच राहतो. मिल असेल तर रोलरमधली फट ०.७ मिमीच्या आसपास आणा, मापायला काही नसेल तर क्रेडिट कार्ड घ्या, त्याची जाडी ०.७६ मिमी असते, ते जेमतेम सरकेल एवढी फट ठेवायची. मिल नसेल तर देणाऱ्याला दोनदा फिरवून द्यायला सांगा, तेही जमत नसेल तर मॅश ६० ऐवजी ९० मिनिटं करा, बराच फरक पडतो. अगदी मैद्यासारखं पीठ मात्र नको, ते जाळीतून खाली उतरतं आणि उचलताना पिशवी चिकटून निथळतच नाही.

पण भरडीवरच सगळं ढकलून मोकळं व्हायला नको, अजून तीन गोष्टी तपासा. एक म्हणजे गुठळ्या. ५ किलो माल्ट एकदम ओतला की आत कोरडे गोळे राहतात, बाहेरून ओले आणि फोडले की आत कोरडं पीठ. एका हाताने ओता, दुसऱ्या हाताने ढवळा, आणि मग दर १५ मिनिटांनी तळापासून ढवळत राहा. झाकण उघडलं की उष्णता जाते म्हणून बरेच जण ढवळतच नाहीत, मला विचाराल तर एखादी डिग्री गेलेली चालेल पण गोळे चालणार नाहीत.

दुसरी म्हणजे शेवटी हातात आलेलं लिटरचं माप, हे तुम्ही पत्रात लिहिलंच नाही! १.०५० चा हिशोब २० लिटरवर केलेला असेल आणि उकळून झाल्यावर हातात २४ लिटर राहिलं असेल तर साखर तेवढीच पण ग्रॅव्हिटी १.०४२ च्या आसपासच येणार. हातानं पिळणाऱ्यांच्या बाबतीत हे हमखास होतं, कारण कूलरच्या पद्धतीत किलोमागे साधारण १ लिटर पाणी चोथ्यात अडकतं आणि पिशवी नीट निथळून पिळली तर ०.५ ते ०.७ लिटरच अडकतं, आणि आपण सुरुवातीचं पाणी जुन्याच आकड्याने ओततो. तिसरी म्हणजे हायड्रोमीटर, ग्रॅव्हिटी मोजायचं तरंगतं उपकरण. तो साधारण २० डिग्रीसाठी बनवलेला असतो, ६० डिग्रीच्या वर्टमध्ये सोडला तर १५-१६ पॉइंट (म्हणजे ०.०१५-०.०१६) कमी दाखवतो. थंड करून मोजलंत ना?

आणि एकदा आयोडीन टेस्ट करून बघाच. मॅश संपत आल्यावर पांढऱ्या बशीत वर्टचे चार थेंब, त्यात आयोडीनचा एक थेंब, टरफल येऊ देऊ नका. काळंनिळं झालं तर स्टार्च शिल्लक आहे, अजून थांबा. रंग बदललाच नाही तर पाण्यात उतरलेल्या स्टार्चची साखर झालीय, मग भरड आणि माप तपासा. ते थेंब परत पातेल्यात टाकू नका.

प्रश्न: मॅश चालू असताना तापमान ६२ वर आलं म्हणून बर्नर लावला. पिशवी उचलली तर तळाला अंगठ्याएवढं भोक आणि पातेल्याला काळं चिकटलेलं. सगळं गाळून घेतलं तर बिअर चालेल का?

उत्तर: नाही, टाकून द्या. वाईट वाटतं, पण जळक्या प्लास्टिकचा वर्ट गाळून सुधारत नाही.

झालं काय ते सांगते. थर्मामीटर वरच्या पाण्याचं तापमान सांगतो, तळाच्या पत्र्याचं नाही. पिशवी ओल्या धान्याच्या वजनाने तळाला घट्ट टेकली की तिथे पाणी फिरतच नाही आणि पत्रा तापतच जातो. पॉलिएस्टर साधारण २५० डिग्रीला वितळतं, उकळत्या पाण्यात त्याला काही होत नाही, पण ज्वाळेवरच्या कोरड्या पडलेल्या पत्र्याची गोष्ट वेगळी. त्यामुळे तळाला पाय असलेली स्टीलची जाळी ठेवा म्हणजे पिशवी अधांतरी राहील, किंवा आच द्यायचीच असेल तर आधी पिशवी वीतभर वर उचलून धरा आणि बारीक आचेवर खालून ढवळत राहा.

माझी स्वतःची पद्धत म्हणजे आच द्यायचीच नाही. माल्ट टाकला की गॅस बंद, झाकण लावायचं आणि पातेल्याला दोन जाड ब्लँकेटं गुंडाळायची. २५-३० लिटर पाणी तासाभरात एक-दोन डिग्रीच उतरतं आणि स्टार्चचं बरंचसं काम पहिल्या अर्ध्या तासातच उरकलेलं असतं. तुमचं ६२ वर आलं ते बहुतेक सुरुवातीचं पाणीच कमी तापवल्यामुळे. २८ लिटर पाणी आणि २५ डिग्रीचा ५ किलो माल्ट असेल तर तापमान साधारण ३ डिग्रीने पडतं, म्हणजे ६७ हवं तर पाणी ७० करून घ्या. आणि ६२ वर आलंच तर घाबरून बर्नरकडे धावायची गरज नव्हती, तिथेही साखर होते, फक्त बिअर जरा जास्त कोरडी (कमी गोड) होते आणि वेळ थोडा जास्त द्यावा लागतो.

प्रश्न: पिशवी पिळली की टॅनिन (टरफलांमधलं तुरट द्रव्य) उतरतं आणि बिअर तुरट होते असं माझा मित्र ठासून सांगतो. पिळू की नको?

उत्तर: पिळा. टॅनिन दाबाने येत नाही, येतं ते पाणी फार गरम झालं आणि पीएच वर गेला की. मॅशचा पीएच ५.२ ते ५.६ मध्ये असेल आणि तापमान ७७ च्या पुढे गेलं नसेल तर हवं तेवढं पिळा. मित्राची बिअर खरंच तुरट झाली असेल तर त्याने पिशवी आत ठेवूनच पाणी उकळत नेलं होतं का ते विचारा.

पिळण्यापेक्षा उचलणं अवघड आहे. ५ किलो माल्ट वर येताना १० किलोच्या आसपास भरतो, गरम असतो आणि सगळीकडून गळत असतो. मी पहिल्यांदा दोन्ही हातांनी उचलली आणि ठेवायची कुठे हा विचारच केलेला नव्हता, तशीच पातेल्यावर धरून उभी, हात थरथरायला लागले, शेवटी घरच्यांना हाक मारून स्टुलावर चढवलं तेव्हा सुटका. वर हुक आणि कप्पी असेल तर उत्तम, नाहीतर पातेल्यावर बसेल अशी स्टीलची जाळी आडवी टाका आणि पिशवी तिच्यावर १०-१५ मिनिटं नुसती बसू द्या, बहुतेक वर्ट आपसूक खाली येतो. मग जाड रबरी हातमोजे घालून तोंडाकडून पीळ देत जा.

प्रश्न: ३० लिटरच्या पातेल्यात २० लिटर स्ट्राँग बिअर, १.०८० ची, पिशवीत होईल का?

उत्तर: एका दमात नाही होणार. धान्य जास्त असलं की पिशवीतून साखर कमी निघते, माल्टमधून निघू शकणाऱ्या साखरेच्या ६५ टक्के धरली तरी ८ किलोच्या वर माल्ट लागतो. पाणी धरा २९-३० लिटर, कारण उकळताना तीन-साडेतीन लिटर उडणार आणि ५ लिटर चोथ्यात जाणार, आणि माल्ट स्वतः किलोमागे पाऊण लिटरच्या जरा आत जागा खातो, म्हणजे ३५ लिटर झालं. सगळा ओटा धुवावा लागेल.

मग १२ लिटरचीच बनवा, किंवा ७-८ लिटर पाणी बाजूला ठेवून दुसऱ्या पातेल्यात ७५ डिग्रीपर्यंत तापवा, मुख्य मॅश झाला की पिशवी निथळून त्यात १० मिनिटं बुडवा, ढवळा, परत निथळा आणि ते पाणी पहिल्यात उकळताना जसजशी जागा होईल तसं ओतत जा. तिसरा मार्ग म्हणजे पिशवीत १.०६० पर्यंत जायचं आणि उरलेलं माल्ट एक्स्ट्रॅक्टने (विकत मिळणाऱ्या आटवलेल्या वर्टने) भरून काढायचं. कोणी नाकं मुरडतील, मुरडू देत.

प्रश्न: पिशवी घरी शिवली तर कापड कुठलं?

उत्तर: पडद्याचं पातळ पॉलिएस्टर व्हॉइल, बिनरंगी, किंवा २०० ते ३०० मायक्रॉनची नायलॉनची जाळी. सुती मलमल नको, ती वर्ट पिते आणि नीट वाळली नाही की बुरशी धरते. दोराही पॉलिएस्टरचाच. पिशवी पातेल्यापेक्षा मोठी हवी, काठावरून बाहेर दुमडता येईल एवढी, कारण धान्य आत मोकळं पोहायला पाहिजे, गाठोडं बांधून सोडलं की मधलं कोरडंच राहतं. बंद नुसते तोंडाला शिवू नका, तळाखालून फिरवून आणा म्हणजे वजन शिवणीवर येणार नाही.

प्रश्न: पिशवीतला वर्ट कूलरपेक्षा खूप गढूळ दिसतो. आणि पिशवीला आंबट वास येतोय, निर्जंतुक करावी का?

उत्तर: गढूळ दिसणारच, बारीक पीठ उतरतं. उकळून, थंड होऊन, फर्मेंटरमध्ये (बिअर आंबवायच्या भांड्यात) दोन आठवडे बसलं की ते तळाला जातं आणि ग्लासात फरक दिसत नाही.

पिशवी निर्जंतुक करायची गरज नाही, तिच्यानंतर सगळं उकळतंच. वासाचं कारण म्हणजे ती उशिरा धुतली गेली. दाण्यावर आंबवणारे बॅक्टेरिया मुळातच असतात, मी एकदा दमून चोथ्यासकट पिशवी बादलीत रात्रभर ठेवली होती आणि सकाळी दार उघडलं तेव्हा आधी खिडक्या उघडायला धावले. त्याच दिवशी उलटी करून गार पाण्याखाली झटका, शिवणीत अडकलेले दाणे बोटाने काढा, वास राहिलाच तर सोडियम परकार्बोनेटच्या कोमट पाण्यात तासभर भिजवा, सुगंधी साबण अजिबात नको. कडकडीत वाळल्याशिवाय घडी घालू नका. चोथा कंपोस्टमध्ये जाऊ द्या, पण उकळून झालेले हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) त्यात मिसळणार असाल तर घरच्या कुत्र्याला तिकडे फिरकू देऊ नका, हॉप्स कुत्र्यांना विषारी असतात.