थंडीत खोबरेल गोठतं, मग शेंगदाणा तेल का गोठत नाही?

रेणू दोन्हींतले मंदावतात, फरक आहे तो त्यांच्या आकारात. खोबरेलातल्या मेदाम्लांच्या (तेलाचे रेणू ज्यांचे बनतात त्या घटकांच्या) साखळ्या बहुतांशी सरळ असतात. पारा साधारण २४ अंशांखाली उतरला की रेणूंची धावपळ इतकी कमी होते की शेजाऱ्याची ओढ भारी पडते, आणि काडेपेटीतल्या काड्यांसारखे ते एकमेकांना बिलगून रचले जातात. बाटलीत बघा, आधी कडेने पांढरं होतं, मधलं तेल अजून पातळच असतं.

शेंगदाणा तेलातल्या बहुतेक साखळ्यांना मध्येच बाक असतो. वाकड्या काड्या नीट कशा रचणार? त्यामुळे ते गोठायला पारा शून्याच्या आसपास यावा लागतो, आणि एवढी थंडी आपल्या स्वयंपाकघरात पडत नाही.

गोठलं म्हणजे रेणू थांबले असं मात्र नाही. जागा सोडत नाहीत एवढंच, जागच्या जागी थरथरत राहतात.

किती सावकाश निवतं यावरही बरंच अवलंबून. कढवलेलं तूप ओट्यावर हळूहळू निवलं की रेणूंना रचायला सवड मिळते, स्फटिक मोठे होतात, तूप रवाळ. तेच गरम असताना फ्रीजमध्ये ढकललं की घाईत असंख्य बारीक स्फटिक होतात आणि तूप गुळगुळीत थिजतं. (आमच्याकडे असं तूप म्हणजे बिघडलेलंच!)